बासी ईदची वही

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की आमच्या घरी दोन हिशेब मांडले जातात. पहिला जकातीचा. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी यांच्या किमतीइतकी शिल्लक ज्याच्याकडे चांद्रवर्षभर राहिली, त्याने त्यातले अडीच टक्के गरजूंसाठी काढायचे असतात. रमजानमध्येच काढले पाहिजेत असं बंधन नाही, पण बहुतेक जण या महिन्यातच वही-पेन घेऊन बसतात. दुसरा हिशेब बासी ईदचा. यंदा माणसं किती, दूध किती लिटर सांगायचं, मटण किती, आणि रात्री झोपायला गाद्या कुणाकडून आणायच्या.

यंदा पहिला हिशेब करता करता मी दुसऱ्या हिशेबात अडकलो. त्याचीच ही हकिकत. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या माझ्या तिन्ही फुपींना, म्हणजे आत्यांना, विचारूनच लिहितो आहे.

लेकींचा दिवस

बासी म्हणजे शिळी. रमजान ईदच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे बासी ईद म्हणतात. पहिल्या दिवशी पहाटे आंघोळी, ईदगाहवरची नमाज, कब्रस्तानात जाऊन वडीलधाऱ्यांसाठी दुआ, मग दिवसभर गावातली माणसं शिरखुर्म्याला. लग्न झालेल्या मुली त्या दिवशी सासरी राबत असतात. त्या माहेरी येतात ते दुसऱ्या दिवशी. त्यामुळे नावाने शिळी असली तरी आमच्या घरात खरी ईद तीच.

आमचं मूळ घर तासगाव तालुक्यातल्या एका गावात. आम्ही अत्तार. दादा, म्हणजे माझे आजोबा, आठवडी बाजारात आणि जत्रांत पेटी घेऊन बसायचे. पेटीच्या एका कप्प्यात अत्तराच्या कुप्या आणि सुरमा, बाकी सगळ्या कप्प्यांत हळद, कुंकू, बुक्का, कापूर, उदबत्ती. भाद्रपदात तासगावच्या गणपतीचा रथ निघतो, त्या गर्दीत दादांची जागा ठरलेली असायची. गुलाल-बुक्का विकून आलेल्या पैशांत चार मुलगे आणि तीन मुली वाढल्या. घर साधंच. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परडं आणि परड्यात कडुनिंब. पण बासी ईदला त्या घरात साठ-साठ माणसं मावलेली मी पाहिली आहेत.

तयारी रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यापासून सुरू व्हायची. शेवयांचं यंत्र बाजेच्या लाकडाला घट्ट आवळून बसवायचं, एकीने पिठाचा गोळा सारायचा, दुसरीने दांडा फिरवायचा आणि आम्ही पोरांनी खालून उतरणाऱ्या शेवया काठीवर झेलून उन्हात न्यायच्या. शेजारच्या काकूंच्याही शेवया त्याच यंत्रावर व्हायच्या. त्यांच्या उन्हाळ्याच्या, आमच्या ईदच्या. कुणाच्या कुठल्या हे वाळल्यावर कळायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही.

शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. फारसीतले हे दोन शब्द. आमच्या शिरखुर्म्यात खजुराऐवजी रात्रभर भिजवलेली खारीक पडते. काजू-बदाम बेताचे, चारोळी भरपूर आणि बेदाणे मूठ मोजून नव्हे, तर ओंजळीने. तासगाव भागात बेदाण्याला कसला तोटा? ईद फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आली की बेदाण्याच्या शेडवरून थेट घरी. बासी ईदला दुपारी खाना आणि दालचा, म्हणजे भात आणि दुधी-मटण घातलेली डाळ. दादीचा एक नियम होता. शेवटची लेक दारात येईपर्यंत दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरायची नाही. एका वर्षी धाकट्या फुपीची एस.टी. बंद पडली. साडेतीन वाजेपर्यंत पन्नास माणसं उपाशी बसली होती. महिनाभर रोजे धरलेली ती माणसं. त्यांना दोन तासांचं काय!

चंद्राचा एक फेरा

या सगळ्याची एक वही आहे. दादांच्या दुकानातली, लाल कापडी बांधणीची. पहिलं पान १९९२ च्या ईदचं आहे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातलं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्या वर्षी दूध कमी पडलं आणि शेवटच्या पंगतीला शिरखुर्म्यात पाणी घालावं लागलं. दुकानदार माणूस, दादांना ते लागलं. त्यांनी संध्याकाळी लिहून ठेवलं : ‘हजर ४१. दूध १५ लिटर, कमी पडले. पुढील वर्षी १८ सांगणे.’ तेव्हापासून दर बासी ईदला नोंद. दादा गेल्यावर अब्बांनी लिहिली. २०१८ मध्ये अब्बा गेले, तेव्हापासून वही माझ्याकडे आहे.

ती चाळताना एक गंमत दिसते. १९९२ ते २०२४ ही ३३ वर्षं, पण नोंदी ३४. कारण २००० साली रमजान ईद दोनदा आली, जानेवारीच्या सुरुवातीला एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा. अब्बांनी त्या पानावर लिहिलं आहे, ‘एका सालात दोन ईद. खर्चही दोन.’

याचं कारण सरळ आहे. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं. हिंदू पंचांगही चंद्रावरच चालतं, पण त्यात अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखला जातो. इस्लामी वर्षात अधिक महिना नाही. म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून परत जुन्या जागी येते. आमच्या वहीत हे सगळे ऋतू आहेत. १९९८ ते २००२ या काळातल्या ईदी थंडीतल्या. त्या पानांवर ‘वाकळा शेजारून ११’ अशी नोंद आहे. २००५ आणि २००६ मध्ये दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या, तेव्हा दस्तरखानावर शेजारच्या चकल्या आणि करंज्या. २०१५ ते २०१७ मधल्या ईदी जून-जुलैच्या. सोपा गळायचा, बादल्या मांडून पंगती बसायच्या, आणि शाळा सुरू झाल्याने माणसंही कमी. २०२२ आणि २०२३ या लागोपाठ दोन वर्षी ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आल्या. तेव्हा शिरखुर्म्याच्या शेजारी आमरसाचं पातेलं होतं, आणि पोरांनी शिरखुर्म्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

२०२० चं पान मी लिहिलं आहे. ‘२६ मे. हजर, कोणी नाही. दूध, नाही.’ त्या वर्षी टाळेबंदीत ईदची नमाजही लोकांनी घरात पढली. संध्याकाळी मोठ्या फुपीचा मिरजेहून फोन आला. ती काही बोलली नाही, नुसती रडली. दादी जिवंत असती तर तिने त्या दिवशी दस्तरखान अंथरलंच नसतं, एवढंच शेवटी म्हणाली.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, पाडवा ३० मार्चला आहे. अमावास्येनंतरच्या ज्या चंद्राने चैत्र सुरू होतो, त्याचीच कोर दिसली की आमची ईद. ३० ला संध्याकाळी दिसली तर ईद ३१ ला, नाही तर १ एप्रिलला. म्हणजे दादांच्या पहिल्या पानावरचा चंद्र फिरून परत त्याच जागी आला आहे. ३५ वी नोंद. आणि त्या घरातली शेवटची.

वहीतली रेघ

घर विकलं आहे. बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ, आणि बडी अम्मी दोघंच तिथे राहायचे. दोघांचेही गुडघे गेले, मुलगा पुण्यात. गेल्या दिवाळीनंतर गावातल्याच एकाशी साठेखत झालं, विसार मिळाला. खरेदीखत ईदनंतर होईल. विसाराची रक्कम चार भावांच्या चार घरांत वाटली गेली. अब्बांच्या वाट्याची आमच्याकडे आली. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेलं आम्हा दोघा भावांत आणि बहिणीत. बहिणीकडून आम्ही कुठलीही सही घेतली नाही, तिचा वाटा तिच्या खात्यात भरला. मनातून मला त्याचा थोडा अभिमानही होता.

जकातीच्या हिशेबाला बसलो. एका बाजूला जमा, म्हणजे बँकेतली शिल्लक, बायकोचे दागिने, विसारातला माझा हिस्सा. दुसऱ्या बाजूला देणी. जकात काढताना आपण कुणाचं देणं लागत असू तर ते आधी वजा करायचं असतं. घराच्या कर्जाचा हप्ता लिहिला. दुकानाची उधारी लिहिली. आणखी काही राहिलं का म्हणून आठवू लागलो आणि पेन थांबलं.

त्याला कारण वहीतलंच २००९ चं पान. दादा १९९७ मध्ये गेले, दादी २००८ मध्ये. पुढच्या वर्षीची ईद सप्टेंबरात होती. बासी ईदला तिघी फुपी आलेल्या होत्याच. दुसऱ्या दिवशी त्यांना जीपमध्ये बसवून तालुक्याला नेलं आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. आईवडिलांच्या घरावरचा आपला हक्क आपण राजीखुशीने भावांच्या लाभात सोडत आहोत, असा तो कागद. मी २७ वर्षांचा होतो, नोकरीला लागलेलो होतो. साक्षीदारांत माझी सही आहे. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी आवाज चढवला नाही. तिघींनी पदर सावरून सह्या केल्या आणि मधल्या फुपीने सही झाल्यावर मला विचारलं, ‘बरोबर जागी केली ना रे?’

अब्बांच्या अक्षरात त्या पानावर नोंद आहे : ‘तालुक्यास जीप भाडे. चहा, भेळ. तिघींच्या बांगड्या ३६० रु.’ परत येताना तिघींना बांगड्या भरल्या होत्या. हौसेने भरल्या होत्या, हे मी पाहिलं आहे.

या वहीत आणखी एक रकाना आहे, वर्गणीचा. बासी ईदचा खर्च चार भाऊ वाटून घ्यायचे. पुढे नातवंडं कमावती झाली तशी नावं वाढली. फुपींची नावंही यादीत आहेत, कारण हजेरी त्यांचीही लागते. पण त्यांच्या नावापुढे वर्गणीच्या जागी रेघ. ३४ नोंदींत तिन्ही नावांपुढे नुसती रेघ. मोठी फुपी शिक्षिका होती, तिने कितीदा तरी पैसे पुढे केले. दादी आमच्या दखनीत म्हणायची, ‘बेटी के हात से पैसा लेते क्या?’ पुढे अब्बा आणि चाचाही तेच म्हणत. लेकीकडून घ्यायचं नाही, हा आमच्या घराण्याचा मान.

जकातीचा कागद समोर आणि ही वही शेजारी. तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की या हिशेबात सगळ्यात मोठी वर्गणी ज्यांनी भरली, त्यांच्याच नावापुढे रेघ आहे.

अकराचे चार

हिशेब अवघड नाही. कुरआनातल्या चौथ्या सूरहमध्ये, सूरह निसामध्ये, वारसांचे हिस्से आकड्यांसकट सांगितलेले आहेत. मागे राहिलेलं थोडं असो की जास्त, त्यात मुलींचा वाटा ठरलेला आहे. मुलाला दोन भाग, तर मुलीला एक. मुलीला निम्मा का, हा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारलाही जावा. पण इथे मुद्दा त्याच्या अलीकडचाच आहे. जो एक भाग नि:संशय तिचा, तो तरी दिला का?

दादा-दादींच्या मागे चार मुलगे, तीन मुली. मुलांचे आठ भाग, मुलींचे तीन. एकूण अकरा. आम्ही अकराचे चार केले. म्हणजे आमच्या प्रत्येक घरात आलेल्या दर अकरा रुपयांतले तीन रुपये फुपींचे आहेत. मी पाचवीतल्या पोराला समजेल असं हे गणित १६ वर्षं मांडलं नव्हतं. याच १६ वर्षांत दर रमजानला फितऱ्याचा हिशेब मात्र चुकवला नाही. फितरा म्हणजे ईदच्या नमाजाआधी गरिबाला द्यायचं दान. घरातल्या प्रत्येक माणसामागे पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत, तान्ह्या बाळाचीसुद्धा. गव्हाचा भाव बाजारात विचारून आम्ही तो पैशापैशाने काढतो.

मी फुपीकडे मिरजेला गेलो. इफ्तारच्या आधी तासभर. ती भजी तळायला घेत होती. मी वही दाखवली आणि विषय काढला. तिने गॅस बारीक केला.

‘सही करताना तुला काय वाटलं होतं?’ मी विचारलं.

‘काय वाटायचं? माँ जाऊन वर्ष झालं होतं. वाटलं, नाही म्हणाले तर पुढच्या बासी ईदला बोलावणार कोण?’

इतकंच. ती रागाने बोलली नाही. तेल तापलं होतं, ती भजी सोडत होती. मी म्हणालो, ‘पण फुपी, तुला न बोलावण्याचं कुणाच्या मनातही नव्हतं.’

‘ते तुला माहीत, बेटा. मला कुठे माहीत होतं? तुझ्या अब्बालाही मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.’

आता दिलं तर घेशील का, असं विचारल्यावर मला वाटलं होतं ती नको म्हणेल. आपल्याकडे थोर माणसांनी नको म्हणायची पद्धत आहे आणि त्यावर आपली सुटका व्हायची सोय असते. फुपी म्हणाली, ‘घेईन की. माझंच आहे ना? डोळ्याचं ऑपरेशन करायचं आहे, पोराकडे किती मागू?’ मग अजान झाली. खजूर माझ्या हातावर ठेवला.

इचलकरंजीची मधली फुपी म्हणाली, ‘आधी भावांना विचार. माझ्यासाठी भांडण नको.’ धाकटीने तर फोनवरच विषय तोडला. तिला काही नको, तिच्या भावांनी तिला आयुष्यभर भरपूर दिलं, असं तिचं म्हणणं. तेही खोटं नाही. तिच्या नवऱ्याचा धंदा बुडाला तेव्हा अब्बांनी आणि धाकट्या चाचांनी दोन वर्षं तिचं घर चालवलं. पण मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हिस्सा नसतो. हे मी तिला फोनवर सांगू शकलो नाही.

साडीचोळी आणि सातबारा

हे आमच्याच घरातलं आहे असं समजण्याचं कारण नाही. गावाकडे शेजारच्या काकूंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या हसल्या. त्यांच्या माहेरी तीन एकर द्राक्षबाग. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागलं, आणि पुढच्या दिवाळीच्या आत भावांच्या सांगण्यावरून कमीही झालं. ‘भाऊबीजेला दर वर्षी साडी येते बाबा,’ त्या म्हणाल्या. ‘परवा ट्रंक आवरताना मोजल्या. अठ्ठावीस झाल्या.’

हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. आमच्याकडे तर तो हिस्सा चौदाशे वर्षांपासून लिहिलेला आहे. दोन्हीकडे कागद लेकीच्या बाजूने. आणि दोन्हीकडे हक्कसोडपत्राची सही मात्र सणाला माहेरी आलेल्या लेकीकडूनच घेतली जाते, कारण तेव्हा ती सापडते आणि तेव्हा ती नाही म्हणू शकत नाही. ईदला बांगड्या, भाऊबीजेला साडी. देणाऱ्याचं प्रेम खरं असतं, म्हणून तर घेणारीला हिशेब विचारता येत नाही.

तिने स्वखुशीने सोडलं, असं आपण म्हणतो. सोडूही शकते कुणी, तो तिचा अधिकार. पण आधी तिच्या हातात ठेवा आणि मग सोडू द्या. न दिलेली वस्तू सोडली की नाही हे कळणार कसं?

माझ्यापुरतं मी ठरवलं ते असं. देण्यांच्या रकान्यात तीन फुपींची नावं लिहिली आणि विसाराच्या रकमेतले अकरातले तीन भाग वेगळे काढले. अम्मीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘तुझे अब्बा शेवटच्या आजारात दोनदा म्हणाले होते, बहिणींचं राहिलं. मला वाटलं, तापात बोलतात.’ भाऊ आणि बहीण तयार झाले. बडे अब्बांना फोन केला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘बासी ईदला सगळ्यांसमोर बोलू.’ धाकट्या चाचांचा होकार आहे. मधले चाचा रागावले आहेत. झालेले कागद उकरून घरात भांडण लावतोस, रोज्यात तरी हे करू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आहे आणि पैशाचा हिशेब त्यांनी चार भागांवरच केला आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांची अडचण खोटी नाही. तरी रोज्यात नाही करायचं, तर मग कधी?

पुढच्या वर्षी कुठे?

आता तयारी सुरू आहे. वार्षिक परीक्षा तोंडावर असल्या तरी यंदा पोरांनाही यायचं आहे, शेवटची म्हणून. मुंबईचे महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेला उतरतील. पुण्याचे दोन गाड्या करून येत आहेत. दम्मामला असलेल्या चुलतभावाची ईद बहुधा आमच्या एक दिवस आधी होते. तो दर वर्षी व्हिडिओ कॉलवर रिकामी वाटी दाखवतो. त्यालाही घर शेवटचं बघायचं आहे. कुणीतरी फोन हातात धरून त्याला सोप्यापासून परड्यातल्या निंबापर्यंत फिरवायचं असं ठरलं आहे. यंत्रावरच्या शेवया बडी अम्मीने तिच्या त्या गुडघ्यांनी खुर्चीवर बसून केल्या आहेत. दांडा शेजारच्या काकूंनी फिरवला. यंत्र कुणी न्यायचं यावरून मात्र सुनांमध्ये बोलणी चालू आहेत.

घर गेल्यावर पुढच्या वर्षी जमायचं कुठे, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. कार्यालय घ्यावं, असं पुण्याचे म्हणत होते. दोन दिवसांपूर्वी मोठ्या फुपीचा फोन आला. पुढच्या वर्षीची बासी ईद तिच्या घरी. दोनच खोल्या आहेत, पण गच्ची मोठी आहे. उन्हाला मांडव घालू. बडे अब्बांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘लेकीच्या घरी सगळं खानदान जेवायला? आपल्यात कधी झालं नाही.’ फुपीला मी ते जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘त्याला सांग, वर्गणी घेणार आहे मी. फुकट नाही.’

पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवून झाल्यावर शेजारचे काका दर वर्षी नाही, पण यंदा आमच्या सोप्यात येऊन बसणार आहेत, चंद्र बघायला. बासी ईदला दुपारी दस्तरखान अंथरलं जाईल, तिघी आल्यानंतरच. जेवणं झाल्यावर बोलणी होतील. काय ठरेल ते आज मला सांगता येत नाही. मधले चाचा येतात की नाही, हेही नाही. त्यांच्या वाट्याचे बेदाणे मात्र आले आहेत, कालच कुणाच्या तरी हाती त्यांनी पाच किलोची पेटी पाठवली.

वहीचं ३५ वं पान मी आखून ठेवलं आहे. हजर, दूध, मटण, वर्गणी हे जुने रकाने आहेत. शेजारी एक नवा आखला आहे, देणे. त्यात तीन नावं लिहिली आहेत आणि त्यांच्यापुढे रेघ ओढलेली नाही. दूध यंदा २८ लिटर सांगितलं आहे. कमी पडणार नाही. या भागात असाल तर वाटीभर शिरखुर्म्याला नक्की या.